डबा चालू, टीव्ही बंद

बीड जिल्ह्यातल्या केजला मी पहिल्यांदा आलो तो आंब्याच्या ट्रकमधून, पेट्यांना टेकून. दापोलीकडच्या आमच्या वाडीतून केजचे एक फळवाले दर मोसमाला माल उचलायचे. त्या वर्षी त्यांना अढी लावणारा माणूस हवा होता. अढी म्हणजे भाताच्या पेंढ्यात आंबे थरावर थर लावून पिकवायचे. कुठला आज काढायचा आणि कुठला अजून झोपू द्यायचा, हे वासावरून कळावं लागतं. मला तेवढंच येत होतं. शाळा आठवीतच सुटलेली, त्यामुळं दुसरं काही येण्याचा प्रश्न नव्हता. एका मोसमासाठी आलो आणि राहूनच गेलो. आंबे संपले की केळी, मग पाटोद्याच्या बाजूची सीताफळं, मग संत्री. फळं काही संपत नाहीत, आणि त्यांनी मला कधी जा म्हटलं नाही.

त्या फळवाल्यांना सगळे भाई म्हणतात, मीही म्हणतो. घरात भाई, भाभी आणि भाईंच्या आई. त्यांना अम्मा. मी गोदामावरच्या खोलीत झोपायचो आणि दोन्ही वेळेला त्यांच्या घरी जेवायचो. पहिल्या दिवशी ताटावर बसताना मी इतका अवघडलो होतो की भाभींनी विचारलं, भाकरी गरम आहे म्हणून हात लावत नाहीस का. माझा स्वभावच धास्तीचा. गोदामाला कुलूप लावून निघालो तरी चौकातून परत येऊन ओढून बघणार. कुणाकडं काही मागण्यापेक्षा ती गोष्ट नको होती असं स्वतःला समजावणं मला सोपं जातं.

ज्या वर्षाबद्दल सांगतोय, त्या वर्षी आमच्याकडं मोठं वादळ झालं. घरावरचे पत्रे गेले. वाडीत दोनच टीव्ही होते, दोन्हींत पाणी गेलं, डिशच्या छत्र्या तर सापडल्याच नाहीत. आमच्या परसातलं आंब्याचं मोठं झाड आडवं झालं. सगळे म्हणाले तोडून टाका, लाकडाचे तरी पैसे येतील. आईनं ऐकलं नाही. उघड्या पडलेल्या मुळांवर ती टोपलीनं माती टाकत राहिली, वर ओली पोती घातली, आणि पावसाळा सरता सरता त्या आडव्या झाडाला पालवी फुटली. हे कुठून तरी कृषी खात्यातल्या साहेबांना कळलं, त्यांनी ते टीव्हीवाल्यांना कळवलं, आणि एक दिवस गाडी भरून माणसं आमच्या परसात उतरली.

हे मला आईच्या फोनवरून कळलं. दिवाळी होऊन गेली होती. शेजारच्या काकूंच्या मोबाईलवरून ती बोलत होती. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी सरकारी मराठी वाहिनीवर शेतीचा जो कार्यक्रम लागतो, त्यात तिला दाखवणार होते. आणि वाडीत बघायला टीव्ही नव्हता.

"तू बघ नि मना सांग," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "नायतर असा काय नाय का होत, का तू ते धरून ठेवशील नि इकडं आणशील? मी कशी दिसतंय ते मलाच बघायचाय एकदा."

माझ्या आईनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. साडीसुद्धा नाही. मी बरं म्हणालो. ते कसं करायचं हे मला माहीत नव्हतं.

आज कुणी म्हणेल, त्यात काय, मोबाईलवर सापडलं असतं. तेव्हा माझ्याकडं बटनांचा फोन होता. आणि पुढं मोठा मोबाईल घेतल्यावर मी तो भाग बरेचदा शोधलाही. नाही सापडला. तो एकदाच लागला.

एसटी स्टँडच्या मागं टीव्ही दुरुस्तीचं एक दुकान आहे. ते चालवणारे चाचा भाईंच्या गाड्यावरून रोज केळी घ्यायचे, म्हणून माझी तोंडओळख होती. मी त्यांना विचारलं, टीव्हीतलं धरून ठेवायचं यंत्र मिळतं का. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि तीन प्रकार समोर ठेवले.

पहिला होता कंपनीचा मोठा डबा. पोटातच साठवायची तबकडी, एक वाहिनी बघताना दुसरी धरून ठेवायची सोय, आठ दिवस आधी नुसतं सांगून ठेवलं तरी आपलं आपण चालू होणारा. मी त्याच्याकडं बघतच राहिलो. दुसरं होतं जुनं, सीडीवर उतरवून देणारं यंत्र. कुणीतरी विकायला ठेवलेलं, त्याच्या सीडी वाचणाऱ्या डोळ्याचा भरवसा नाही असं चाचाच म्हणाले. तिसरा होता साधा, फुकटच्या छत्रीवर चालणारा छोटा डबा. त्याच्या तोंडाला पेनड्राईव्ह लावायचं भोक. त्यालाही वेळ लावून ठेवता येते, पण डब्यावर जी वाहिनी लावलेली असेल तेवढीच धरणार. धरत असताना वाहिनी बदलायची नाही.

मी अर्थातच मोठ्या डब्याला हात लावला. चाचांनी विचारलं, धरून काय करणार. आईला न्यायचंय म्हणालो. त्यांनी तो डबा माझ्या हातातून काढून परत फळीवर ठेवला. त्यातलं त्यातच राहतं, म्हणाले. बाहेर काढता येत नाही, दुसऱ्या टीव्हीला जोडून दिसत नाही, आणि महिन्याचा भरणा चुकला तर त्याच टीव्हीवरही उघडत नाही. दुकानदार असून महाग माल हातातून काढून घेतला, हे मला त्या वेळी विचित्र वाटलं. नंतर त्याची किंमत कळली. मी तिसरा डबा घेतला.

आता तो लावायचा कुठं. माझ्या खोलीत ना टीव्ही ना छत्री. भाईंच्या घरी दोन्ही होतं, पण तिथला टीव्ही अम्मांचा. मी दोन दिवस पिशवी गोदामात लपवून ठेवली. तिसऱ्या दिवशी भाईंना ती संत्र्यांच्या जाळ्यांमागं सापडली. काय आहे म्हणून त्यांनी विचारलं, आणि मला सगळं सांगावं लागलं. भाईंनी पिशवी उचलली, गाड्यावरच्या माणसाला थांब म्हणून सांगितलं आणि मला घेऊन सरळ घरी आले. आपला जुना डबा काढून त्याच जागी नवा लावला. एवढंच.

अम्मांची अडचण वेगळी होती. नवा डबा म्हणजे नवा रिमोट. जुन्यावर त्यांना त्यांच्या मालिकेचं बटन बोटाला पाठ होतं, आकडे त्या वाचत नसत. मी विचार करून सफरचंदावरचं गोल स्टिकर काढलं आणि त्या बटनावर चिकटवलं. अम्मांनी बोट फिरवून बघितलं, दाबलं, मालिका लागली. त्या म्हणाल्या की आता हा रिमोट कुणी खाऊ नका म्हणजे झालं.

ती मालिका साडेपाचला लागायची आणि तासभर चालायची, म्हणजे शेतीच्या कार्यक्रमाच्याच वेळेला. म्हणून मी चाचणी त्या मालिकेवरच घ्यायची ठरवलं. डबा वेळेवर आपला आपण जागा होतो का, किती धरतो, पेनड्राईव्ह मध्येच रुसत तर नाही, हे बघायला हवं होतं. संध्याकाळ म्हणजे गाड्यावर गर्दीची वेळ. त्यामुळं मी दुपारीच वेळ लावून यायचो आणि रात्री जेवायला गेलो की काय धरलंय ते बघायचो.

पहिल्या दिवशी मालिका सुरू झालेली दिसली, मी खूश झालो. पण सहाच्या सुमाराला ती तुटली. पुढं काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिसऱ्या दिवशीही. मी पेनड्राईव्ह पुसला, परत लावला. मला वाटलं तो भरत असेल. मग वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, आठवी सोडलेल्या माणसानं असल्या यंत्राच्या नादी लागू नये. आईला काय सांगणार, की तुझं तोंड अर्धंच आलं?

चौथ्या दिवशी डबा आणि पेनड्राईव्ह घेऊन मी चाचांच्या दुकानात गेलो. लाईट जाते का म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही, भाभी म्हणतात पंखा चालूच असतो. त्यांनी पेनड्राईव्ह आपल्या टीव्हीला लावला, जिथं तुटतं तिथं बघितलं, आणि चष्मा कपाळावर सरकवून हसायला लागले.

"बे, तुझ्या डब्याला काई झालं न्हाई," ते म्हणाले. "सहाच्या टायमाला काय होतं गावात? अजान होते की."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अजान सुरू झाली की अम्मा टीव्ही बंद करतात, हे मला माहीत होतं. दुपारी मी घरात असताना कितीदा बघितलं होतं. भाभी डोक्यावर पदर घ्यायच्या, अम्मा उठायच्या आणि बोर्डावरचं बटन बंद करायच्या. रिमोटवर त्यांचा विश्वास नव्हता. रिमोटनं टीव्ही झोपतो, मरत नाही, असं त्या म्हणायच्या. त्या एकाच बटनावर टीव्ही आणि डबा दोन्ही होते. मग मगरिबची, म्हणजे संध्याकाळची नमाज होईपर्यंत सगळं बंद. अम्मांची मालिका वर्षानुवर्षं रोज मधूनच तुटत होती. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. मधे काय झालं असेल ते त्या स्वतः ठरवायच्या आणि नंतर लागलं की तिथून पुढं बघायच्या.

कारण सापडलं, पण माझी धास्ती दुप्पट झाली. आता मी काय करणार होतो? ज्यांच्या घरी जेवतो त्यांना जाऊन सांगू, की तुमच्या अजानीला टीव्ही बंद करू नका? जीभ झडली असती. चाचांना मी हात जोडून सांगितलं की ही गोष्ट तुमच्यापाशीच ठेवा. आई अजानीच्या आधी आली तर आली, नाही आली तर तिला सांगू की यंत्र बिघडलं. मी मनाशी तसं ठरवूनही टाकलं.

पण चाचा रोज केळी घ्यायला यायचे, आणि केळी मोजून देणारे भाई. रविवारी दुपारी मी जेवायला गेलो तर अम्मांनी मला समोर बसवलं. ताट वाढलेलं होतं, पण भाभी ते पुढं सरकवत नव्हत्या.

"कावून रे," अम्मा म्हणाल्या, "केळीवाल्या गिऱ्हाईकाला सांगायला तुला तोंड हाय, मला सांगायला न्हाई?"

मी कसंबसं म्हणालो की अजानीचं तुम्हाला कसं सांगायचं, ते बरं दिसलं नसतं.

मग अम्मा टीव्हीकडं आणि खालच्या डब्याकडं बोट करून एकेक शब्द सावकाश बोलल्या. "अल्लाचं नाव चालू असताना दुसरं कुणी बोलायचं न्हाई. बोलतो कोण? टीवी. त्याला गप करायचं. डबा बोलतो का? न्हाई. तो बिचारा ऐकतोय नुसता. त्याला कावून बंद करायचं?"

भाई दारातून म्हणाले, अम्मांनी फतवा दिला, आता वायरमनला बोलवा. अम्मा म्हणाल्या की तुला काय कळतंय, तू टरबूज ठोकून बघ. पण वायरमन खरंच आला. डब्याला वेगळी पिन आणि वेगळं बटन करून गेला. भाभींनी त्या बटनावर चिकटपट्टी लावली, म्हणजे चुकून कुणाचा हात लागायला नको. मला ताट मिळालं. त्या दिवशी काय भाजी होती ते आठवत नाही, पण दोनदा मागून घेतली एवढं आठवतं.

सोमवारी परत चाचणी. अजानीला टीव्ही बंद, डबा चालू. रात्री मी लावून बघितलं तर मालिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत, अखंड. अम्मांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मधला भाग बघितला. त्यांना तो मुळीच पटला नाही. सून घर सोडून जाते हे त्यांनी ठरवलेलंच नव्हतं. त्यांच्या हिशोबात ती केव्हाच सासूशी नीट बोलायला लागली होती. आपलंच बरं होतं, असं म्हणून त्या झोपायला गेल्या.

मंगळवारी गर्दीच्या वेळेला गाडा सोडून घरी जाऊ का हे विचारायला मी सकाळपासून शब्द जुळवत होतो. पाच वाजता भाईच म्हणाले, "जा बे, फळं काय पळून चाललीत का?"

घरी पोचलो तर सरकारी वाहिनी आधीच लावलेली. अम्मा नेहमीच्या जागी बसलेल्या, रिमोट पदराखाली, म्हणजे सवयीनं सफरचंद दाबलं जायला नको. डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता. कार्यक्रमात आधी डाळिंबावरच्या रोगाचं बोलणं झालं, ते संपता संपेना. मग कोंबड्या आल्या. भाभींनी विचारलं की कोंबड्यांचं इतकं काय सांगायचं असतं. मी पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होतो. शेवटी निवेदक म्हणाला की आता आपण कोकणात जाणार आहोत. पडद्यावर आमचं परसू आलं. ते आडवं झाड आलं. झाडाच्या मागून, पदर खोचत, माझी आई चालत आली. तिनं तोंड उघडलं.

आणि अजान सुरू झाली.

अम्मा उठल्या. त्यांच्या गुडघ्याला त्रास होता, तरी त्याच उठल्या. टीव्हीचं बटन बंद केलं. पडदा काळा झाला. भाभींनी पदर घेतला. मी जिथं होतो तिथंच बसलो, हात मांडीवर ठेवून. मशिदीतून आवाज येत होता आणि समोर डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता. माझी आई त्या वेळेला तिथं, त्या डब्यात बोलत होती, आणि आम्ही कुणीच ते ऐकत नव्हतो. अजान संपली. अम्मा आणि भाभी आत नमाजला गेल्या. खोलीत मी आणि डबा. टीव्हीचं बटन माझ्या हाताच्या अंतरावर होतं. मला कुणी काही म्हटलं नसतं. पण मी ते लावलं नाही. लावावंसं वाटलं नाही असं नाही. त्या घरात ती वेळ टीव्ही बंद ठेवायची असते, आणि मी त्या घरात जेवतो.

माझी नजर दिव्यावरून हलली नाही. तो विझला तर सगळं गेलं. तो विझला नाही.

अम्मा परत आल्या, बसल्या, आणि साडेसहा वाजून गेल्यावर रिमोट माझ्या हातात दिला. लाव म्हणाल्या. मी दोनदा चुकीचं बटन दाबलं. तिसऱ्यांदा पेनड्राईव्हची यादी उघडली, डाळिंबं आणि कोंबड्या पुढं पळवल्या, आणि आई परत झाडामागून चालत आली, परत पदर खोचला, परत तोंड उघडलं. या वेळी तिचा आवाज आला.

ती घाबरली नव्हती. माझी आई, जी डॉक्टरसमोर आपलं नाव सांगताना अडखळते, ती टीव्हीच्या माणसाला मुळांवर माती कशी टाकायची ते हातवारे करून सांगत होती. झाड पडलं म्हणजे मेलं असं नसतं, म्हणाली, एका बाजूची मुळं जमिनीत आहेत तोवर ते पाणी पितं. मग त्या माणसानं विचारलं की घरी मदतीला कोण असतं. आई कॅमेऱ्याकडं न बघता दुसरीकडंच बघत म्हणाली, "पोरगा हाय. तो तिकडं बीड जिल्ह्यात, लांब. पन तिथं त्याला जेवायला घालनारी माणसां हायत. म्हनून मना घोर नाय."

माणसानं लगेच झाडाकडं विषय वळवला. पुढं काय झालं ते मी नीट बघितलं नाही. भाभींनी पदरानं नाक पुसलं. भाग संपल्यावर अम्मा म्हणाल्या, परत लाव. परत लावला. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझी माय बारीक हाय लई. जेवते का न्हाई?"

त्या रात्री आईला फोन करून सांगितलं की धरून ठेवलंय. तिनं विचारलं, पदर नीट होता का.

घरी जायला मिळालं ते शिमग्याला. कोकणातला माणूस गणपतीला आणि शिमग्याला गावी गेला नाही तर त्याला वाडीत तोंड दाखवायची सोय नसते. तोवर शेजारच्या काकूंनी नवा टीव्ही घेतला होता. पण मला नवीनच धास्ती. पेनड्राईव्ह त्या टीव्हीला चालेल का? चाचा म्हणाले, चालेल किंवा नाही चालणार. असल्या डब्यांचं धरलेलं काही टीव्ही घेतात, काही घेत नाहीत. भाईंनी हे ऐकलं आणि डबाच काढून माझ्यापुढं ठेवला. हा घेऊन जा, म्हणाले. ज्यात धरलंय त्यात तर दिसेलच.

जुना डबा केव्हाच भंगारात गेला होता. म्हणजे मी परत येईपर्यंत घरात टीव्ही नाही. मी अम्मांकडं बघितलं. मालिकेचं काय, असं मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मालिका मीच लिहिते की रोज. तू जा."

भाभींनी डबा सफरचंदाच्या खोक्यात घातला, वरखाली कागदाचे तुकडे, जसं परदेशी फळ येतं तसं. रिमोट माझ्या शर्टात. पुण्यापर्यंत आणि पुण्याहून दापोलीपर्यंत एसटीत ते खोकं मी मांडीवरून खाली ठेवलं नाही. कंडक्टरनं विचारलं, एवढं काय जपून चाललंय. मी म्हणालो, आईला नेतोय. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

संध्याकाळी काकूंच्या ओटीवर वाडी जमली. मी लाल, पिवळी, पांढरी पिन लावली, पेनड्राईव्ह लावला. आईला सगळ्यांनी पुढं बसवलं, ती मागं सरकत होती. लावलं. कोंबड्या मी पुढं पळवल्या. आपलं परसू बघून पोरांनी कालवा केला. आई पडद्यावर आली आणि ओटी गप्प झाली. आई स्वतःकडं असं बघत होती जसं कुणी पाहुणी आली आहे आणि तिला कुठं बसवावं कळत नाही.

एवढ्यात तिनं बाहेर बघितलं. अंगणात अंधार धरत होता. ती उठली.

"जरा बंद कर," म्हणाली, "दिवा लावून येतंय."

सगळे ओरडले. अगं बस की, तूच तर बोलतेयस, दिवा पळून चाललाय का. पण ती ऐकणारी नव्हती. आमच्याकडं दिवेलागणीला कुणी बसून राहत नाही, टीव्ही तर नाहीच. लहानपणापासून ते माझ्या अंगात आहे, फक्त ते माझ्या लक्षात नव्हतं. मी रिमोटवरचं थांबवायचं बटन दाबलं. पडद्यावर आई हात वर करून तशीच थांबली. मग मी उठून टीव्हीचं बटन बंद केलं. डबा चालू ठेवला.

ती आमच्या घराकडं गेली. तुळशीपाशी दिवा लागलेला दिसला. आम्ही सगळे काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. आई हात पुसत परत आली, आपल्या जागी बसली, आणि मी टीव्ही लावला. तिचा वर केलेला हात तिथूनच खाली आला, आणि ती झाडाचं राहिलेलं सांगू लागली. पोरगा लांब हाय, जेवायला घालनारी माणसां हायत, हे आलं तेव्हा तिनं माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. संपल्यावर मला म्हणाली, हे त्यांनी बघितलं का. मी म्हणालो, दोनदा. तिनं मान हलवली.

निघताना तिनं आमसुलांची पिशवी दिली, अम्मांसाठी. तू बारीक आहेस असं अम्मा म्हणाल्या, हे मी तिला सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली, त्यांना सांग, आता पोटभर जेवतंय.

केजला परत येऊन मी डबा जागेवर लावला, पिना घातल्या. अम्मा आमसुलं हुंगून बघत होत्या. त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं. ओटीवर किती माणसं होती, तुझी माय रडली का, हसली का. मी दिव्याचं सांगितलं. ती मधेच उठली आणि मी टीव्ही बंद केला ते.

"मग तिचं बी मधलं राहिलं म्हण की," अम्मा म्हणाल्या.

मी म्हणालो, नाही, थांबवून ठेवलं होतं. ती आल्यावर तिथूनच पुढं लागलं. चालू कार्यक्रमसुद्धा असा थांबवता येतो, डबा पुढचं धरत राहतो, आपण येऊन तिथून बघायचं.

अम्मांनी आमसुलाची पिशवी बाजूला ठेवली आणि रिमोट माझ्यापुढं धरला.

"आन हे तू मला आता सांगतो व्हय," त्या म्हणाल्या. "कोणतं बटन ते? त्याच्यावर बी एक सफरचंद लाव."